गुडघ्याचं झाड

आमच्या अंगणातल्या झाडाला मी शिवणाच्या दोऱ्यानं फळं बांधली, ही गोष्ट खरी आहे. मी नाकारत नाही. नाकारणार तरी कशी? शेजारच्या पाटणकर काकूंनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि काकूंनी पाहिलेली गोष्ट संध्याकाळच्या आत सगळ्या म्हसरूळला ठाऊक होते. पण त्यामागची माझी भूमिका कुणीच समजून घेतलेली नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी झाडाबद्दल. आम्ही बंगला बांधला तेव्हा लक्षात आलं की पश्चिमेचं ऊन थेट बैठकीत येऊन सोफ्यावर बसतं. अंगणात सगळा मुरूम, आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी किती, तर बोअर आहे एवढं समाधान. मी शाळेत भूगोल शिकवते. (माझा पुढचा सगळा अपमान या एका वाक्यातून निघाला आहे.) कोरड्या हवेत, कमी पाण्यात वाढणारं आणि सावली देणारं झाड हवं म्हणून मी नाशिकमधल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या आणि पेपर ट्री, म्हणजे इंग्रजीत ज्याला मिरीचं झाड म्हणतात ते, घेऊन आले.

आपल्या काळ्या मिरीशी याचा काही संबंध नाही. ती वेल, तिला ओल्या हवेची हौस. हे दक्षिण अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरांतलं झाड. बारीक बारीक पानं, खाली लोंबणाऱ्या फांद्या, पान चुरगळलं की मिरीसारखा वास. आणि गुलाबी, मिरीच्या दाण्याएवढ्या फळांचे लोंबते घोस! नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, मुळं लांब पळतात, ड्रेनेजच्या लाइनपासून दूर लावा. पहिली दोन वर्षं पाणी घाला आणि मग विसरून जा." मी दूर लावलं, दोन वर्षं पाणीही घातलं, पण विसरणं काही जमलं नाही. घरी कुणीही आलं की त्याला झाडाखाली उभं करून मी पर्जन्यछायेचा प्रदेश समजावून द्यायचे. पाहुणा घड्याळाकडे बघायला लागला की घोसांचं वर्णन सुरू करायचे.

"कुठे आहेत घोस?" असं कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

हे सहा-सात वर्षं चाललं होतं आणि मला कधी काही शंका आली नाही.

आता नाना. नाना म्हणजे माझे वडील. विंचूरजवळच्या आमच्या गावात त्यांची द्राक्षबाग आहे. यंदा नाशिकला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते आमच्याकडे राहायला आले आणि डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत शेतात पाऊल टाकायचं नाही. नेमकी तीच ऑक्टोबर छाटणीची वेळ. द्राक्षवाल्यांच्या घरात लग्नाची तारीखसुद्धा छाटणी बघून काढतात. त्या छाटणीला नाना बांधावर नाहीत, असं माझ्या जन्मापासून एकदाही झालं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाचा, सुनीलचा, फोन आला.

"ताई, काहीही कर, पण दिवाळीपर्यंत नानांना तिकडंच अडकव. इथं आले तर ते वॉकर घेऊन बागेत शिरतील. मग तो नवा गुडघा आपण मुरमात शोधत बसू."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी नाना पलंगावर पिशवी घेऊन बसले होते.

"नंदे, कपडे भर. तिकडं छाटणी चाललीय अन् मी हितं गादीवर लोळतोय."

"नाना, डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टरला किती एकर बाग हाय?"

याला भूगोलात उत्तर नाही. मी त्यांना वॉकरसकट अंगणात नेलं. म्हटलं जरा मोकळी हवा लागेल, राग उतरेल. झाडाखाली पोचल्यावर नानांनी मान वर केली. फांद्यांच्या टोकांना पांढुरक्या फुलांचे बारीक तुरे आले होते.

"हे काय लावलंस?"

"पेपर ट्री. परदेशी आहे. याला गुलाबी फळांचे घोस येतात नाना, अगदी द्राक्षासारखे लोंबतात."

"घड?" नाना म्हणाले.

तो शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला त्या आवाजात माणसं नातवाचं नाव घेतात. त्यांनी वॉकर सोडला, एक तुरा जवळ ओढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघितलं.

"फुलोरा झकास हाय. पाणी कितीदा देती?"

"देत नाही. या झाडाला पाणी लागत नाही."

"लागत नाय असं झाड नसतंय. मागायची लाज वाटत असंल."

संध्याकाळपर्यंत पिशवीतले कपडे कपाटात गेले होते आणि नानांची खुर्ची झाडाखाली गेली होती.

पुढचे काही दिवस घरात स्वर्ग होता. नाना सकाळी चहा झाडाखाली घेत, पेपर झाडाखाली वाचत आणि माझी पाठ वळली की तांब्याभर पाणी बुंध्याशी ओतत. सुनीलला फोन करून 'कुठल्या ओळीची छाटणी झाली' हे विचारणंही त्यांनी थांबवलं. उलट सुनीलनंच फोन केला तर म्हणत, "मला टाइम नाय, माझी बाग फुलोऱ्यात हाय." मी माझ्या हुशारीवर इतकी खूश होते की शाळेत दोन तासांना गृहपाठच दिला नाही.

मग फुलं गळाली. तुरे वाळले, तपकिरी झाले आणि वाऱ्यानं अंगणभर पसरले. मागे काहीच राहिलं नाही. ना फळ, ना फळाची सुरुवात.

नाना दोन दिवस एकेक फांदी जवळ ओढून बघत होते. तिसऱ्या दिवशी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

"काय झालं नाना? भाजी तिखट झाली का?"

"घड जिरले, नंदे."

द्राक्षवाल्यांच्या भाषेत याहून वाईट बातमी नाही. वेलीवर आलेला कोवळा घड धरतच नाही, विरून जातो, याला घड जिरणं म्हणतात. वर्षाची मेहनत त्यात जाते.

"माझ्या हातानं कधी घड जिरला नव्हता," नाना म्हणाले. "गुडघा गेला, तो बसवता येतो. हात गेला तर काय बसवायचं? सुनील फोनवर काय इचारत नाय आता. त्याला बी कळलं असंल."

ज्या माणसाच्या बागेत लोक कलमाच्या काड्या मागायला यायचे, तो माणूस माझ्या अंगणातल्या एका शोभेच्या झाडापायी स्वतःला निकामी ठरवून बसला होता. आणि ते झाड त्यांच्या गळ्यात मी बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोकळ्या तासाला मी कॉम्प्युटरवर बसले आणि या झाडाबद्दल जे वाचायला मिळालं ते सगळं वाचलं. (लावण्यापूर्वीही वाचता आलं असतं, असं आमचे हे म्हणतात. हे नेहमी नंतर म्हणतात.) या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. फळं फक्त मादीला येतात. नराला नुसती फुलं येतात आणि गळून जातात.

मी घरी येऊन विलासना, म्हणजे आमच्या यांना, स्वयंपाकघरात गाठून हे सांगितलं. ते चहा पीत होते. तो चहा त्यांच्या नाकातून बाहेर आला.

"म्हणजे सात वर्षं तू नराच्या डोहाळजेवणाची तयारी करत होतीस?"

"हसू नका. नानांना काय सांगायचं ते सांगा."

"खरं सांग. नर आहे म्हण."

"आणि मग? घड कधीच येणार नाही म्हटल्यावर ते इथं थांबतील कशाला? उद्याच्या पहिल्या एसटीनं विंचूर गाठतील. दिवाळी अजून लांब आहे."

विलास गंभीर झाले. एसटी, वॉकर आणि छाटणी हे तिन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम आलं असावं. मग म्हणाले, "आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांचं गिरणारे रोडला फार्महाउस आहे. तिथं असलंच एक झाड आहे. गुलाबी घोस आहेत त्याला. मी पाहिलेत."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं दोघांचं एखाद्या गोष्टीवर इतक्या चटकन एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

विलासनी साहेबांकडे घोस मागितले. "कशाला हवेत?" साहेबांनी विचारलं. विलासना खोटं बोलता येत नाही, ते पूजेच्या मागे लपतात. "पूजेला लागतात." "कुठल्या पूजेला?" "आमच्यात असते एक." साहेबांनी पिशवीभर घोस दिले आणि वर प्रसाद पाठवा म्हणाले. प्रसाद म्हणून मला शिरा करून पाठवावा लागला, तो वेगळाच.

आठवड्यातून तीनदा विलास नानांना रिक्षानं फिजिओथेरपीला नेत. त्या तासाभरात मी काम उरकायचं ठरवलं. अंगणात उंच स्टूल मांडलं, शिवणाचा डबा काढला. हिरवा दोरा संपला होता, म्हणून शाळेच्या साडीला फॉल लावताना उरलेला जांभळा घेतला. नानांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, पानांच्या आडोशाला एकेक घोस बांधायला लागले. या झाडाचा चीक काही जणांच्या अंगाला सोसत नाही, हेही मी वाचलं होतं. आता अनुभवलं. हातांना अशी खाज सुटली की दर दुसऱ्या गाठीला मी स्टुलावरच हात खाजवत होते.

"नंदाताई, झाडाला काय बांधताय?"

कंपाउंडच्या पलीकडे पाटणकर काकूंचं डोकं होतं.

"काही नाही काकू. दोरा."

"वडाला बांधतात तसा?"

"हो. तसंच."

"अगंबाई. आणि हे कशासाठी असतं?"

माझ्या दातांत दोरा होता, हातांना खाज होती आणि डोक्यात सकाळ-संध्याकाळ एकच विषय होता.

"गुडघ्यासाठी," मी म्हणाले.

काकूंनी खाली वाकून स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, सुटले.

नाना परत आले. फाटकातून आत शिरले आणि थबकले. हिरव्या पानांतून गुलाबी घोस डोकावत होते.

"हे कवा आलं?"

"आधीपासूनच असणार नाना. हिरवे होते तोवर पानांत दिसले नाहीत. आता रंग भरला."

"एका तासात?"

"परदेशी आहे ना."

नानांनी बराच वेळ वर पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली. त्या रात्री ते दोन भाकरी जेवले. मी आणि विलास एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगणात काकूंसह पाच बायका. हातात हळदीकुंकू, सुताची गुंडी, आणि चाल सगळ्यांची लंगडी. आमच्या कॉलनीत गुडघा धड असलेली बाई शोधावीच लागते. त्या झाडाला फेऱ्या घालत होत्या. एक फेरी झाली की कंबरेवर हात ठेवून थांबायचं, "आई गं" म्हणायचं आणि पुढची फेरी सुरू करायची. बुंधा पांढऱ्या सुतानं गुंडाळला गेला होता. खुर्चीत बसलेले नाना त्यांना वाट काढून देत होते.

"माल बघाया आल्यात," नाना मला हळूच म्हणाले. "शेहरात असला घड कुठं बघाया मिळतोय बायांना."

मी आत जाऊन पाण्याचा ग्लास घेतला. अजून वाईट काय होणार, असं मनाशी म्हणाले. अशी वाक्यं माणसानं मनाशीसुद्धा म्हणू नयेत.

कारण नानांनी रंगनाथ काकांना फोन केला होता. रंगनाथ काकांची बाग नानांच्या बागेला लागून. कुणाच्या द्राक्षाचा मणी मोठा यावरून दोघांचं आयुष्यभर चाललेलं आहे. एकमेकांच्या घरचं कार्य कधी चुकवत नाहीत, पण एकमेकांच्या बागेचं कौतुकही कधी करत नाहीत. दोन दिवसांनी काका कागदात गुंडाळलेली एक बाटली घेऊन हजर झाले. बायकांच्या फेऱ्या चालूच होत्या.

काकांनी वर पाहिलं. "नाना, मणी लय बारीक हायत."

"म्हणूनच तुला बोलावलं. डिपिंग करू. फुगंल मणी."

डिपिंग म्हणजे प्रत्येक घड औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचा. सगळा द्राक्षपट्टा हे करतो. बादली घ्यायची, प्लास्टिकचा मग घ्यायचा आणि ओळीनं घड बुडवत जायचं. हे ऐकलं आणि मी हातातली पोह्यांची ताटली तशीच घेऊन बाहेर धावले.

"नाना, नको. याला औषध चालत नाही."

"तू तर पाणी बी चालत नाय म्हणली व्हतीस."

"पण नाना, हे नाजूक झाड—"

"नंदे, मी आजवर किती घड बुडवले असतील? पोहे ठेव अन् बाजूला व्हय."

रंगनाथ काकांनी छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढली. बायका थांबल्या. नानांनी औषधाचा मग घडाखाली धरला, हळूच वर उचलला, घड पाण्यात बुडाला. नानांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी ऑपरेशन झाल्यापासून पाहिलं नव्हतं. नंतर त्यांनी तो मग खाली घेतला.

फांदी वर गेली. घड मगात राहिला.

"अगंबाई," पाटणकर काकू म्हणाल्या.

रंगनाथ काकांनी मगात वाकून बघितलं. जांभळा दोरा पाण्यावर तरंगत होता. "नाना, घडाला दोरा?"

नानांनी मगात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. झाडाखालची जमीन दुभंगावी असं मला वाटत होतं, पण नाशिकचा मुरूम पहारीलासुद्धा दाद देत नाही.

"बांधणी हाय ती," नाना शांतपणे म्हणाले. "ही निर्यातीची जात. देठ कच्चा असतो, म्हणून दोऱ्याचा आधार द्यावा लागतो. तुला कुठनं ठावं असणार?"

"अन् गळला कसा?"

"माणूस नवखा व्हता बांधणारा."

रंगनाथ काकांनी मान डोलावली. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि निघताना, इकडे तिकडे बघत, बांधावर लावायला एक फांदी मागून घेतली. नानांनी ती मोठ्या मनानं दिली. नराची.

बायका गेल्या. अंगणात नाना, मी आणि तो मग.

"बस हितं," नाना म्हणाले. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. नर, मादी, साहेब, शिरा, सगळं. आता पिशवी निघणार, एसटी निघणार, सुनील मला जन्मभर ऐकवणार, असं वाटत होतं.

नानांनी एवढंच विचारलं, "म्हंजी याला घड येणारच नव्हता?"

"कधीच नाही."

"कुणाच्या बी हातनं?"

"कुणाच्याही हातून नाही, नाना."

नाना खुर्चीत मागे टेकले. स्वतःचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून त्यांनी बघितले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. मी ते चिकामुळे झालं असं सांगितलं.

"मग हात शाबूत हाय माझा," ते म्हणाले. "येडे, हे आधी सांगायचं का दोरे बांधायचे?"

एका वाक्याचं काम होतं. मी त्यासाठी एक फार्महाउस, एक खोटी पूजा, किलोभर रव्याचा शिरा आणि पाच बायकांचे दहा गुडघे वापरले. त्या बायकांना मी नंतर खरं सांगायला गेले, तर काकू म्हणाल्या, "नंदाताई, आता मोडता घालू नका. मला उतार पडलाय." रोज सकाळी चालल्यामुळे पडला असेल, पण ते ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.

दिवाळीला डॉक्टरांनी नानांचा गुडघा वाकवून बघितला आणि गावी जायला परवानगी दिली. सुनील गाडी घेऊन आला. नाना अंगणात होते. वॉकर केव्हाच सुटला होता. त्यांनी विलासना पाठवून नर्सरीतून पेपर ट्रीचं दुसरं रोप आणवलं होतं, ड्रेनेजपासून दूर जागा बघून ते लावून घेतलं होतं आणि त्याला आळं करत होते.

"नाना, चला. गाडी उभी आहे," सुनील म्हणाला.

"येतो की. आठ दिस राहून परत येतो. हे रोप मादी हाय का नर ते फुलोरा आल्याबिगर कळत नाय. नर्सरीवाला म्हणला, चार-पाच वर्षं लागत्यात."

"मग तोवर ताई बघेल ना."

"हिच्या भरवशावर? हिला नर-मादी कळत नाय अन् गाठ मारता येत नाय."

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी दिवाळीपर्यंत अडकव म्हणालो होतो."

तेव्हापासून नाना महिन्यातले पंधरा दिवस आमच्याकडे असतात आणि मला ते मनापासून आवडतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते रोप मादी निघू दे, अशी विनवणी मी रोज सकाळी करते. भूगोलाच्या बाईला हे शोभत नाही, पण करते. कारण ते नर निघालं तर घड बघायला बुंध्याशी रंगनाथ काका येऊन उभे राहणार, त्याआधी स्टुलावर चढून घोस मलाच बांधावे लागणार आणि खाली खुर्ची टाकून एकेक गाठ नाना तपासणार आहेत.